के-१० पिकअपला घरच्या गॅरेजमध्ये १४ इंच लिफ्ट: मोजमाप, पाटे, शाफ्ट आणि वेल्डिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. ह्यूस्टनच्या बाहेर राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी १९८४ची शेवरोले के-१० ही फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप घेतली आहे. लांब बेडची, ३५० घनइंची इंजिन, एसएम४६५ हा चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स, एनपी२०८ ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), सध्या ३१ इंची टायर. त्यांना तिच्यावर ४४ इंची टायर चढवून चिखलात घालायची आहे. त्यासाठी १४ इंच लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शनवर गाडी मूळपेक्षा तेवढी उंच करणं) लागेल असं कुणीतरी सांगितलं. घरी मिग वेल्डिंग मशीन आहे, म्हणून मागे चौकोनी पाइप कापून ब्लॉक (अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मधले ठोकळे) बनवावेत आणि पुढे उंच कमानीचे पाटे घालावेत, असा बेत आहे. जाता जाता त्यांनी असंही विचारलंय की नाशिकच्या भावाच्या गाडीलाही असंच करता येईल का.

मी मूळ कोल्हापूरचा. वेल्डिंग उद्यमनगरात शिकलो आणि आता ओक्लाहोमात चेसिस आणि अ‍ॅक्सलचंच काम करतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

गाडी चांगली निवडलीत. १९७३ ते १९८७च्या या चौकोनी बॉडीच्या शेवरोलेला पुढे-मागे दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे आहेत. १९८८ला नवीन पिकअप आली तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं. तिथे सहा इंचांच्या पुढे गेलं की प्रत्येक इंचाला सीव्ही जॉइंट (चाकाकडे जोर नेणारा वाकता सांधा) रडतो. तुमच्या गाडीत ती भानगड नाही. भानगड वेगळीच आहे: तुम्ही उंची आधी ठरवलीत आणि बाकी सगळं तिच्या मागे लावताय. हे उलटं करा. आधी टायर, मग अ‍ॅक्सल, मग मडगार्ड किती कापणार ते, मग चाक वर किती जायला हवं ते. एवढं ठरल्यावर जी उंची उरते, तीच तुमची लिफ्ट.

कारण लिफ्टने गाडीचं पोट जमिनीपासून वर जातं, डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) जात नाही. चिखलात आणि दगडात अडकतं ते डिफरन्शियल. ते फक्त टायरने वर जातं: ४४ वजा ३१, त्याचं निम्मं, म्हणजे साडेसहा इंच. लिफ्ट ८ इंच केलीत काय आणि १४ केलीत काय, अ‍ॅक्सलखालची जागा तेवढीच राहणार. लिफ्टचं काम एकच, टायर फिरताना आणि वर येताना पत्र्याला घासू नये. आणि पत्रा कापता येतो.

कायद्याचं आत्ताच सांगतो, कारण त्यात तुमचे १४ इंच तसेही बसत नाहीत. टेक्ससमध्ये लिफ्टच्या उंचीवर थेट मर्यादा नाही, पण हेडलाइट जमिनीपासून २४ ते ५४ इंचांच्या आत हवा. १४ इंच लिफ्ट अधिक टायरचे साडेसहा म्हणजे साडेवीस. म्हणजे आज हेडलाइटचा मध्य साडेतेहेतीस इंचांच्या वर असला की तुम्ही कायद्याबाहेर. टेप लावून बघा. फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपचा हेडलाइट एवढा खाली सापडणं अवघड आहे. तेच लिफ्ट ८ इंच ठेवलीत तर साडेएकोणचाळीसपर्यंत मोकळीक मिळते. १ जानेवारी २०२५पासून टेक्ससमध्ये खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली, त्यामुळे वर्षातून एकदा गाडीखाली वाकून बघणाराही कुणी उरलेला नाही. पुढेमागे दुसऱ्या राज्यात राहायला गेलात तर तिथले नियम वेगळे. कॅलिफोर्नियात चेसिसच्या उंचीची मर्यादा गाडीच्या एकूण वजनक्षमतेनुसार ठरते: ४,५०१ ते ७,५०० पौंडांच्या गाडीला ३० इंच, त्यावर १०,००० पौंडांपर्यंत ३१. नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०२१पासून पुढून उचललेल्या आणि मागे बसलेल्या गाड्यांवर बंदी घातली. पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच किंवा जास्त वर चालत नाही. ती फॅशन तुमच्या डोक्यात नसेल अशी आशा आहे.

पोलिसापेक्षा मला समोरच्या गाडीची काळजी जास्त आहे. अमेरिकेत कारचे बंपर जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात धक्का झेलतील असे बनवलेले असतात. तुमची चेसिस त्याच्या वरून गेली तर धडकेत तुमचा बंपर त्यांच्या बंपरला लागणारच नाही, थेट बॉनेटवरून काचेत जाईल. पुढे-मागे खाली उतरणारा मजबूत बंपर बनवा. चेसिसला चार बोल्ट आणि दोन तिरके आधार, एका दिवसाचं काम आहे.

आता उलटण्याचा हिशोब. अमेरिकेची वाहनसुरक्षा संस्था एक साधा आकडा वापरते: दोन चाकांमधल्या रुंदीचं निम्मं भागिले गुरुत्वमध्याची उंची. समजा तुमची रुंदी ६६ इंच आणि गुरुत्वमध्य २८ इंचांवर आहे. आकडा येतो १.१८. आता टायरने सगळी गाडी साडेसहा इंच वर गेली आणि १० इंच लिफ्टने फक्त वरचं वजन उचललं. अ‍ॅक्सल आणि चाकं वजा केली तर ते साधारण तीन चतुर्थांश धरा, म्हणजे साडेसात इंच. गुरुत्वमध्य ४२ इंचांवर पोचला. आकडा ०.७९. आधी सुमारे ५० अंशांच्या आडव्या उतारावर उलटली असती ती आता ३८ अंशांवर उलटेल, तीही पाटे न दबता, म्हणजे कागदावर. रस्त्यावर वळताना त्याआधीच. रुंद अ‍ॅक्सल आणि बाहेर निघालेली रिम लावून रुंदी ७६ केलीत तर ०.९० मिळतो. म्हणून मोठ्या लिफ्टच्या गाड्या रुंद दिसतात; ती हौस नसते, गरज असते.

अ‍ॅक्सलवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पैसा इथेच जातो आणि लोक इथेच हात आखडतात. तुमच्या के-१०ला पुढे-मागे साडेआठ इंची क्राउनचे (डिफरन्शियलमधल्या मोठ्या गिअरचे) टेन-बोल्ट अ‍ॅक्सल आहेत. ३३-३५ टायरला ठीक. ४४ला नाही. एसएम४६५चा पहिला गिअर ६.५५, एनपी२०८चा लो २.६१, क्राउन-पिनियनचा रेशो समजा ३.७३, गुणाकार ६३च्या पुढे जातो. इंजिनचा जोर एवढ्या पटीने वाढून अ‍ॅक्सलवर येतो. ३१ इंची टायर आधी घसरतो म्हणून शाफ्ट वाचतो. ४४ इंची टायर चिखलात रुतला की घसरत नाही, मग शाफ्ट किंवा क्रॉस (शाफ्टचा वाकता सांधा) तुटतो, आणि तोही गुडघाभर चिखलात उभं राहून बदलावा लागतो.

म्हणून पुढे एक टनी के-३०चा किंगपिनवाला (चाक जाड उभ्या पिनांवर वळणारा) डाना ६० आणि मागे १४-बोल्ट फुल-फ्लोटर (गाडीचं वजन शाफ्टऐवजी नळीवर पेलणारा) शोधा. डाना ६०ला पावणेदहा इंची क्राउन आणि आतल्या शाफ्टला ३५ स्प्लाइन, १४-बोल्टला साडेदहा इंची क्राउन. दोन्ही याच पिढीच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांतून येतात, त्यामुळे पाट्यांची जागा जुळवायला फार झगडावं लागत नाही. चाकाला सहाऐवजी आठ बोल्ट होतात, रिम नवीन घ्यावीच लागणार होती. रेशो बदला: ३.७३ गुणिले ४४ भागिले ३१ म्हणजे ५.२९, आणि बाजारात त्याच्या जवळचा ५.३८ मिळतो. तासाला ६५ मैलांना इंजिन थेट गिअरमध्ये सुमारे २,६७० फेऱ्यांवर राहील, जवळपास आजच्याइतकंच. रेशो न बदलता ४४ चढवले तर पहिल्या चढावर क्लचचा वास येईल.

टायरबद्दल एक गोष्ट. या मापात अजूनही नायलॉनचे बायस-प्लाय (तिरक्या धाग्यांच्या थरांचे) टायर लोकप्रिय आहेत. रात्रभर उभी राहिली की ते खाली चपटे होतात आणि सकाळी पहिले काही मैल गाडी उड्या मारते. ते सस्पेन्शनचं दुखणं समजून पैसे घालवू नका.

आता ब्लॉक. घरी बनवलेले तर नाहीच, आणि विकतचेही ८-१० इंची नकोत. जमिनीवर टायर मागे ढकलतो तो जोर आणि पाटा ज्या उंचीवर बसलाय ती जागा, या दोन्हींमधलं अंतर हा तरफेचा हात. समजा मागच्या अ‍ॅक्सलवर ३,००० पौंड आहेत आणि पकड ०.८, म्हणजे २,४०० पौंड जोर. ३१ इंची टायरची त्रिज्या साडेपंधरा, पाटा अ‍ॅक्सलच्या मध्यापासून २ इंच वर धरला तर हात साडेसतरा इंचांचा आणि पाट्याला पिळणारा जोर ३,५०० फूट-पौंड. ४४ इंची टायरवर ब्लॉक न घालता हात २४ इंच, जोर ४,८००. त्यात ८ इंची ब्लॉक घातलात की हात ३२ इंच आणि जोर ६,४००. पाटा एवढा पीळ सहन करत नाही, इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, पिनियन (शाफ्टला जोडलेला डिफरन्शियलचा छोटा गिअर) वर बघायला लागतं आणि क्रॉस तुटतो. ब्रेक मारला की हेच सगळं उलट्या दिशेने. चौकोनी पाइपचा ब्लॉक मधल्या मध्ये कलंडतो, आणि तो कलंडला की यू-बोल्ट ढिले पडून अ‍ॅक्सल तिरका होतो. पुढच्या अ‍ॅक्सलखाली तर कुठलाच ब्लॉक घालू नका, एक इंचाचाही नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही तिथे आहेत.

मागची उंची दुसऱ्या रस्त्याने मिळते, आणि या गाडीत तो रस्ता कंपनीनेच अर्धा करून ठेवलाय. मागचा शॅकल (पाट्याचं टोक धरणारी हलती कडी) मुळात चेसिसच्या खालच्या हँगरमधून (पाटा टांगायच्या ब्रॅकेटमधून) वरच्या दिशेने जातो. हँगर बदलून शॅकल खाली लोंबता केला की साधारण ४ इंच मिळतात, तेही मूळ मऊ पाट्यांवर. त्यावर १९८८ ते १९९८च्या शेवरोले पिकअपचे मागचे ६३ इंची पाटे घाला. मूळ ५२ इंची आहेत. पाटा जितका लांब आणि चपटा तितका तो मऊ चालतो आणि पीळही कमी खातो. हँगरची जागा बदलावी लागेल, मोजून दोन सुती (पाव इंच जाड) प्लेटचे नवे हँगर कापा. भंगारवाल्याकडून पाटे घेताना मधल्या बोल्टजवळ बारीक तडे आहेत का ते वायर ब्रश मारून बघा. पाट्यावर वेल्डिंग मारू नका आणि त्याला गॅस टॉर्चही दाखवू नका. ते स्प्रिंग स्टीलचं पाणी दिलेलं काम असतं. एकदा लाल झालं की ती जागा मेली.

पुढे मूळ पाटा ४७ इंची आहे. १२ इंची लिफ्टचे पाटे विकत मिळतात, पण ४७ इंचांत एवढी कमान मारली की पाटा धनुष्यासारखा होतो आणि गाडी खड्ड्यात दबण्याऐवजी उडी मारते. शिवाय उंच कमान सपाट होताना तिची लांबी खूप वाढते, शॅकल मागे झोपतो आणि कधी चेसिसला टेकतो. मी पुढे मागचेच ५२ इंची पाटे घालतो, पुढचा हँगर थोडा पुढे सरकवून. अ‍ॅक्सल इंच-दीड इंच पुढे जातो आणि टायर केबिनच्या कोपऱ्यापासून सुटतो, हा फायदाही होतो. चार लिंक आणि कॉइलओव्हर (पाट्यांऐवजी चार दांडे आणि शॉकवर बसवलेली गोल स्प्रिंग) हा सुंदर प्रकार आहे, पण पहिल्याच गाडीत त्याच्या वाटेला जाऊ नका. लिंकची जागा एक इंच चुकली तर गॅस दिल्यावर मागचा भाग वर उठतो आणि का उठतो ते कळायला महिने जातात.

बॉडी लिफ्ट (चेसिसवरून फक्त बॉडी उचलणं) हवीच असेल तर २ इंचांपर्यंत. त्यापुढे स्टिअरिंगचा दांडा, रेडिएटरचा पंखा आणि गिअरचा दांडा सगळ्यांची तोंडं वेगळ्या दिशांना होतात.

प्रत्यक्ष उंची अशी ठरवा. दोन्ही अ‍ॅक्सल बसवा, पण प्रत्येक पाट्यातून फक्त मुख्य पान ठेवा, बाकीची काढून ठेवा. स्प्रिंगचा जोर नसला की जॅकने चाक हवं तसं वर-खाली करता येतं. ४४ टायर लावा, मडगार्ड आखा आणि कापा: पुढच्या मडगार्डचा मागचा कोपरा, केबिनच्या खालच्या दुमडीचा भाग, मागे बेडची कमान. मग टायर कापलेल्या पत्र्याला बोटभर अंतर राहीपर्यंत गाडी खाली सोडा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. एक चाक वर, एक खाली असंही करून बघा. ही तुमची सगळ्यात दबलेली अवस्था. बंप स्टॉप (चाक याहून वर जाऊ न देणारा अडथळा) इथेच बसवा, वेल्ड करून, आत्ताच. यात चाक वर जायला ४-५ इंच मिळवा. ती झाली उभ्या गाडीची उंची. माझा अंदाज आहे की तुमची लिफ्ट ८ ते १० इंचांच्या मध्ये निघेल. तेवढ्याच उंचीला पाट्यात पानं भरा.

शॉकअब्सॉर्बर याच्या नंतर घ्या. बंप स्टॉपला टेकल्यावर शॉकच्या दांड्याचा एक इंच तरी बाहेर राहायला हवा, आणि चाक लोंबताना शॉक ताणून धरला जाता कामा नये.

प्रोपेलर शाफ्ट म्हणजे या कामातली खरी परीक्षा. क्रॉस तिरका फिरतो तेव्हा बाहेरचा वेग एकसारखा राहत नाही. एका फेरीत दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. २० अंशांच्या कोनात हा फरक दोन्हीकडे सुमारे ६ टक्के पडतो. दोन टोकांचे कोन सारखे असतील तर एकाचा झटका दुसरा काढून टाकतो. नसतील तर ४५ मैलांना केबिन गुरगुरते आणि महिन्याभरात पिनियनचं सील जातं. हिशोब करून बघा: मागचा शाफ्ट ५५ इंच आणि दोन टोकांतला उतार १४ इंच असेल तर कोन सुमारे १५ अंश, डबल कार्डन जॉइंट (दोन क्रॉस जोडून केलेला सांधा) लावून निभतो. पुढचा शाफ्ट छोटा, समजा ३० इंच, तोच उतार, कोन २८ अंश, आणि चाक लोंबलं की आणखी जास्त. साधा क्रॉस तिथे योकला (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याला) घासायला लागतो. म्हणून पुढच्या अ‍ॅक्सलला लोंबण्यावर पट्टा बांधून आवर घाला. पट्टा सगळ्या शॉकच्या आधी ताणला गेला पाहिजे.

ट्रान्सफर केसच्या बाजूला डबल कार्डन लावला की पिनियनचं तोंड थेट ट्रान्सफर केसकडे करायचं, मागे एक-दोन अंश खाली ठेवून, कारण गॅस दिल्यावर ते वर येतंच. १४-बोल्टवर हे सोपं: पाट्याखालच्या जुन्या बैठका ग्राइंडरने काढा, अ‍ॅक्सल फिरवा, नवीन बैठकांना टॅक (वेल्डचे तात्पुरते छोटे ठिपके) मारा, गाडी वजनावर उतरवून कोन पुन्हा मोजा आणि मगच पूर्ण वेल्ड करा. वेल्ड नळीवर मारा, मधल्या ओतीव भागावर नाही. एका दमात मारू नका. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, थंड होऊ द्या. नळी वाकली तर शाफ्टचं सील आयुष्यभर गळेल.

पुढे मात्र पेच आहे. पिनियन वर फिरवलं की कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन) त्याच प्रमाणात कमी होतो. कॅस्टर गेला की गाडी रस्त्यावर भटकते, वळणानंतर स्टिअरिंग सरळ होत नाही. दोन्ही हवं असेल तर अ‍ॅक्सलच्या टोकांचे सी आकाराचे नकल (चाक वळवणारा भाग ज्यांच्यात बसतो ते) कापून फिरवावे लागतात. शिवाय जनरल मोटर्सच्या डाना ६०ची उजवीकडची पाट्याची बैठक हौसिंगमध्येच ओतलेली आहे, ती कापून हलवता येत नाही. माझा सल्ला: पुढे कॅस्टर ५ अंशांच्या आसपास राहू द्या, शाफ्टचा कोन जेवढा येईल तेवढा येऊ द्या, आणि पुढचा ड्राइव्ह फक्त चिखलात, कमी वेगात वापरा. पुढचे हब मोकळे केले (चाकं शाफ्टपासून सोडवली) की रस्त्यावर पुढचा शाफ्ट फिरतच नाही. नकल कापण्याचं काम जिग असलेल्या दुकानाकडे द्या.

एनपी२०८ची मागची बाजू सरकत्या योकची आहे, चाक लोंबलं की योक बाहेर सरकतो. पैसे असतील तर एनपी२०५ बसवा. ती गिअरवर चालते, आवरण ओतीव लोखंडाचं आहे आणि मागे स्थिर योक आहे. लो रेशो १.९६, म्हणजे २०८पेक्षा कमी, पण एसएम४६५च्या ६.५५ पहिल्या गिअरला ते पुरतं.

इथे एक आडवाट. १९७४च्या फोर्ड एफ-२५०पासून बनलेली सेंट लुईसची बिगफूट ही अवाढव्य चाकांची मॉन्स्टर ट्रक आणि तिच्यामागून आलेल्या गाड्यांनी लष्करी ट्रकचे अ‍ॅक्सल का घेतले, ते या कोनाच्या हिशोबातून कळतं. अडीच टनी रॉकवेल अ‍ॅक्सलचं पिनियन वरच्या बाजूला असतं आणि रेशो ६.७२. शाफ्ट आपोआप सपाट राहतो. तुम्ही ५०च्या पुढच्या टायरला गेलात तर तेच शोधाल. ४४ला ते उगाच वजन.

मागच्या पाट्यांचा पीळ थांबवायला ट्रॅक्शन बार बनवा. अ‍ॅक्सलला दोन ठिकाणी घट्ट, पुढचं टोक ट्रान्सफर केसच्या जवळ चेसिसच्या आडव्या पट्टीला छोट्या शॅकलवर लोंबतं. तो शॅकल विसरलात तर बार आणि पाटा एकमेकांशी भांडतात आणि त्यातलं काहीतरी तुटतं. लांबी शाफ्टएवढी ठेवा, म्हणजे दोघं एकाच कमानीत फिरतात. पाइप जाड भिंतीचा, सीमलेस किंवा डीओएम (आत दांडा घालून ओढलेला); प्लंबिंगचा नाही.

स्टिअरिंग. या गाडीत बॉक्सपासून डाव्या चाकाच्या नकलपर्यंत दांडा पुढे-मागे ढकलतो. ४ इंचांपर्यंत उंच आर्म घालून चालतं. ८-१० इंचांवर तो दांडा इतका तिरका होतो की चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग स्वतःच वळतं. लांब पिटमन आर्मने (स्टिअरिंग बॉक्समधून निघणाऱ्या हाताने) ते झाकू नका. क्रॉसओव्हर करा: दोन-चाकी ड्राइव्हच्या पिकअपचा स्टिअरिंग बॉक्स लावा, तो दांडा आडवा हलवतो, आणि उजव्या नकलवर वरून आर्म घाला. दांडा लांब आणि सपाट होतो. आणि हे आवर्जून: याच पिढीच्या गाड्यांची चेसिस स्टिअरिंग बॉक्सपाशी तडकते, ३३ इंची टायरवरही. जुना बॉक्स काढल्यावर रंग खरवडून भिंगातून बघा. तडा असेल तर टोकाला छोटं भोक मारून तो थांबवा, घासून वेल्ड करा आणि बाहेरून प्लेट बसवा. तडा नसला तरी प्लेट बसवा. ४४ टायरला हायड्रॉलिक मदतीचा सिलिंडर हवाच. पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग, ज्यात चाक आणि स्टिअरिंगमध्ये लोखंडी जोडणीच नसते, ते रस्त्यावर नको.

ब्रेकचं छोटं पण नेमकं. त्याच ब्रेकवर टायर ३१चा ४४ झाला की जमिनीवर पोचणारा जोर ३१ भागिले ४४, म्हणजे ७० टक्केच उरतो, वर शंभर पौंडांहून जड चाक थांबवायचं. एक टनी अ‍ॅक्सलचे मोठे ब्रेक यातलं बरंचसं भरून काढतात. होज चाक पूर्ण लोंबवून मोजा आणि डॉट (अमेरिकेचं वाहतूक खातं) प्रमाणित लांब होज घ्या. जुनी नळी वाकवून ताणून नेणं हा प्रकार मी रोज बघतो.

आता तुमचं मिग मशीन. घरातल्या साध्या ११० व्होल्टच्या प्लगवर चालणारं असेल तर त्याने मडगार्ड आणि बॅटरीचा ट्रे करा. दोन सुती प्लेटमध्ये ते वरवर छान रेघ ओढतं आणि आत धरत नाही. हँगर आणि बैठकांना २२० व्होल्टचं मशीन, ईआर७०एस-६ तार, आरगॉन ७५ आणि कार्बन डायऑक्साइड २५ टक्क्यांचा गॅस. कडांना व्ही काढा, रंग-गंज चकचकीत होईपर्यंत घासा. आधी त्याच जाडीचे दोन तुकडे जोडून शिकंज्यात धरा आणि घणाने वाकवा. वेल्ड सुटला तर गाडीला हात लावू नका.

चेसिसवर मारताना उभी सरळ रेघ कधी मारू नका. सी-चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या कडेवर वेल्ड नको, ताण तिथेच जास्त असतो. प्लेटची टोकं तिरकी किंवा माशाच्या तोंडासारखी कापा, म्हणजे ताण एका रेषेत जमा होत नाही. मूळ हँगर रिव्हेटने बसवलेले आहेत. रिव्हेट ग्राइंड करून काढा आणि ग्रेड ८चे बोल्ट घट्ट भोकात बसवा. भोक मोठं झालं असेल तर बोल्ट कितीही भारी असला तरी तो हलत राहतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, आणि जस्त चढवलेला भाग असेल तर ते घासून काढा, त्याचा धूर छातीत बसतो.

भावाच्या गाडीचं उत्तर: नको. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडीच्या रचनेत मूलभूत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. शिवाय आजच्या स्कॉर्पिओ किंवा थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे यातलं अर्धं काम तिथे लागूच होत नाही. त्यांना खाजगी जमिनीवर खेळायचं असेल तर चांगले टायर आणि विंच घ्यायला सांगा.

गाडी खाली उतरली की पहिल्या दिवशी हायवे नाही. रिकाम्या पार्किंगमध्ये पूर्ण वळणं, पूर्ण ब्रेक, चाक दुभाजकावर चढवून होज आणि शाफ्ट बघा. यू-बोल्ट नवेच हवेत, जुने एकदा ताणलेले असतात. पहिल्या ५० मैलांनंतर आणि पुन्हा ५०० मैलांनंतर टॉर्क रेंचने तपासा. प्रत्येक वेल्डवर पातळ पांढरा रंग मारून ठेवा, तडा गेला तर गंजाची तपकिरी रेघ लगेच दिसते. पिनियनचं सील गळायला लागलं तर नवीन सील आणायच्या आधी शाफ्टचे दोन्ही कोन पुन्हा मोजा. कोन चुकलेले असतील तर नवीन सीलही पंधरा दिवसांत गळेल.